माती आपली, भट्टी कुणाची?

(एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा वाढवा, बसमध्ये वाचत असाल तर खिडकीजवळची जागा पकडा. आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू नाही, पॅकेजही नाही. आज मातीबद्दल बोलायचंय.

मागच्या वर्षी मी पुण्यात एका पॉटरी स्टुडिओत वीकेंडचा क्लास लावला. दोन दिवसांचे अडीच हजार रुपये. पहिल्याच तासाला मॅडम म्हणाल्या, मातीचा गोळा चाकाच्या बरोब्बर मधोमध आणणं सगळ्यात अवघड, त्याला सेंटरिंग म्हणतात, पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही. मलाही जमलं नाही. शेजारचा मुलगा म्हणाला, "फर्स्ट टाइम का?" मी म्हणालो, "हो."

हे अर्धं खोटं होतं. मी जालना जिल्ह्यातला, अंबड तालुक्यातला, आणि आम्ही कुंभार. माझे आबा, म्हणजे आजोबा, आयुष्यभर चाकावर बसले. संक्रांतीची सुगडं, पोळ्याचे मातीचे बैल, नवरात्रातले घट, उन्हाळ्याचे माठ, गावाला लागेल ते सगळं आमच्या अंगणातून जायचं. लहानपणी मी माती तुडवलीय, राख चाळलीय. चाकावर मात्र कधी बसलो नाही, कारण अण्णांनी बसू दिलं नाही.

संध्याकाळी घरी फोन केला. आईला गंमत वाटली. तिनं फोन अण्णांकडं दिला. ते म्हणाले, "चिखलात हात घालायला पैसे दिले तू?" मग थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "मग तुला बीटेक कशाला केलं?"

फोनवर मला उत्तर देता आलं नाही. आज देऊन बघतो.

रेसिडेन्सी म्हणजे काय भानगड?

क्लासनंतर माझं इन्स्टाग्राम मातीनं भरून गेलं. त्यात एक शब्द सारखा दिसायचा: सिरॅमिक्स रेसिडेन्सी. साध्या भाषेत सांगतो. एखादी संस्था कलाकाराला काही आठवडे किंवा महिने राहायला जागा, काम करायला स्टुडिओ आणि भाजायला भट्टी देते. कलाकार स्वतःचं काम करतो, आणि बऱ्याच ठिकाणी बदल्यात आसपासच्या लोकांना शिकवतो. अर्धा वेळ स्वतःसाठी, अर्धा गावासाठी.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण अमेरिकेत मोंटाना राज्यात, हेलेना गावात आहे. आर्ची ब्रे नावाचा माणूस विटांचा कारखाना चालवायचा. १९५१ मध्ये त्यानं त्याच कारखान्याच्या आवारात मातीकाम करणाऱ्यांसाठी जागा उघडली. तिथं आलेले पहिले दोन तरुण, पीटर वोल्कोस आणि रूडी ऑटिओ, पुढं अमेरिकन सिरॅमिक्समधली फार मोठी नावं झाली. आणि सुरुवात कुठून? तर वीटभट्टीतून. आपल्याकडं वीटभट्ट्यांची काय कमी आहे का?

दुसरं उदाहरण फिलाडेल्फियाचं. तिथल्या क्ले स्टुडिओची सुरुवात १९७४ मध्ये काही तरुण कलाकारांनी केली. कारण एकदम साधं: शिक्षण संपल्यावर एकेकट्याला भट्टी परवडत नाही, तर मिळून घेऊ. पुढं १९९४ पासून त्यांनी एक गाडी सुरू केली, क्लेमोबाईल. माती, हत्यारं आणि शिकवणारा माणूस घेऊन ती शाळांमध्ये, वस्त्यांमध्ये जाते. मुलांनी बनवलेलं काम स्टुडिओत आणून भाजतात आणि परत नेऊन देतात.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. दोन्हीकडं सगळं भट्टीभोवती फिरतंय. माती कुठंही मिळते, चाक आणता येतं. भट्टी महाग असते, तिला जागा लागते, ती चालवायला अनुभव लागतो. म्हणून भट्टी सामायिक असते, आणि तिच्याभोवती माणसं जमतात.

आपल्याकडं?

आहे ना. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघ आहे. कृष्णमूर्ती मिरमिरा या गांधीवादी कार्यकर्त्यानं १९५० च्या दशकात तो उभा केला. हेतू गावच्या कुंभाराला हाताशी धरण्याचा: सुधारलेलं चाक, चांगली भट्टी, चकाकी म्हणजे ग्लेझ कसं द्यायचं, हे शिकवायचं. पुढं तिथं कला शाखेचे विद्यार्थी आणि शिल्पकारही येऊन काम करायला लागले. म्हणजे ज्याला आपण आज रेसिडेन्सी म्हणतो तसलंच काहीतरी, पण सुरुवात कुंभारापासून. बेळगाव जिल्ह्यात खानापूरला खादी आयोगाचं कुंभारकाम शिकवणारं केंद्र आहे, तेही याच वळणाचं.

आणि कुंभाराच्या घरातला माणूस स्टुडिओचा कलाकार होऊ शकतो का? ब्रह्मदेव पंडित बघा. बिहारमधल्या कुंभार घराण्यातले, मुंबईजवळ भाईंदरला स्थायिक झाले, आणि २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

फॉर्ममधला शेवटचा प्रश्न

आता माझा मुद्दा. एका रेसिडेन्सीचा फॉर्म मी भरायला घेतला. नाव सांगत नाही, गरज नाही. नाव, फोटो, कामाचे नमुने, सगळं नेहमीचं. शेवटचा प्रश्न असा होता: तुम्ही स्थानिक समुदायाला काय शिकवाल?

मी टाइप करायला लागलो आणि थांबलो. स्थानिक समुदाय म्हणजे कोण? म्हणजे आबाच की. दोन दिवसांचा क्लास केलेला मी, साठ वर्षं चाकावर काढलेल्या माणसाला काय शिकवणार?

त्या फॉर्ममध्ये एक गोष्ट धरूनच चालले होते: कलाकार बाहेरून येतो, त्याला येतं, आणि गावाला येत नाही. शहरातल्या मुलांसाठी हे ठीक आहे. पण जिथं कुंभारवाडा आहे तिथं हे उलटं आहे. तुम्हाला संत गोरोबाकाकांची गोष्ट माहितीय. तेरचे, आपल्या मराठवाड्यातले. संतमंडळी जमलेली, आणि गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून बघतात, मडकं पक्कं की कच्चं. नामदेव चिडले, आणि तेच कच्चे निघाले. मग ते औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडं गेले आणि शिकले. आमच्याकडं ही गोष्ट सांगताना आबा नेहमी एकच वाक्य जोडतात: "परीक्षा घेणारा कुंभार होता, बरं का." फॉर्म बनवणाऱ्यांनी हे एकदा ऐकायला पाहिजे.

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी नुसता गावाचा अभिमान मिरवतोय असं होईल. आबांना सगळं येतं, हेही खरं नाही. ते मला कळलं एका पिशवीमुळं.

दोन किलो माती

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आबांकडची दोन किलो माती पिशवीत घालून पुण्याला आणली. आता जरा इंजिनिअरिंग. आपल्या भागात खाली बेसॉल्ट खडक, वर काळी माती. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगा पडतात. शेतात उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा दिसतात ना, त्याच. म्हणून नुसत्या काळ्या मातीचं मडकं टिकत नाही. आबा तळ्याचा गाळ आणतात, त्यात राख आणि घोड्याची लीद मिसळतात. लीद भाजताना जळून जाते आणि बारीक छिद्रं ठेवते. त्या छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर वाफ होते, आणि माठातलं पाणी गार होतं. हे आबांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

गावचा आवा साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापतो. स्टुडिओची भट्टी १२०० च्या पुढं जाते, तिथं स्टोनवेअर होतं, ज्यात पाणी अजिबात झिरपत नाही. मी मॅडमना विचारलं, गावची माती या भट्टीत टाकून बघू का? त्या म्हणाल्या, टाक, पण खाली जुनी बशी ठेव, भट्टीची फळी खराब व्हायला नको.

१००० अंशांना माझी टाइल मस्त लाल आली. १२२० ला? सकाळी भट्टी उघडली तर टाइल नव्हतीच. वितळून बशीत पसरली होती. लोहाचं प्रमाण जास्त असलेली माती एवढी उष्णता सहन करत नाही. मला वाटलं, संपलं. आपली माती इथं चालत नाही.

मॅडमनी बशी उजेडात धरली. आतून काळी-तपकिरी, काचेसारखी चमकत होती. म्हणाल्या, "अरे, हे ग्लेझ आहे." म्हणजे जी माती त्या भट्टीत भांडं म्हणून उभी राहू शकत नाही, तीच पातळ करून दुसऱ्या मातीच्या भांड्यावर लावली तर चकाकी होते. जुन्या काळी कुंभारांनी अशा माती वापरलेल्या आहेत. आबांना हे माहीत नव्हतं, कारण त्यांना ती भट्टी कधी मिळालीच नाही. मॅडमना आमच्या तळ्याचा गाळ माहीत नव्हता. आणि मला दोन्ही नव्हतं.

बशी मी गावी नेली. आबांनी नखानं टिचकी मारून आवाज ऐकला. म्हणाले, "वाजती चांगली. पण पाणी गार करंल का?"

"नाही आबा, यातून झिरपणारच नाही."

"मग उन्हाळ्यात हिचा काय उपयोग?" असं म्हणाले, आणि बशी परत दिली नाही. देवळीत ठेवली. अजून तिथंच आहे.

मग जालन्यात काय करता येईल?

आपल्या जिल्ह्यात मातीकामाची परंपरा काही कालची नाही. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांमध्ये या गावाचं नाव येतं. १९७३ च्या सुमारास तिथं उत्खनन झालं, सातवाहन काळातली मातीची भांडी, मातीच्या मूर्ती मिळाल्या. दोन हजार वर्षांपूर्वी इथं कुणीतरी चाकावर बसलेलं होतं. आज आमच्या गल्लीत चाकावर बसणारे आबा एकटे आहेत.

मोठी इमारत वगैरे मी म्हणत नाही. एक भट्टी, एक शेड, शाळेच्या सुट्टीतले पंधरा दिवस. बाहेरून एक कलाकार येईल, तो स्वतःचं काम करेल आणि भट्टी, ग्लेझ शिकवेल. गावातला एक कुंभार माती ओळखायला, मळायला, थापटायला शिकवेल. दोघंही शिक्षक, दोघांनाही मानधन. आणि शिकायला गावातली पोरं-पोरी. पोरी मुद्दाम म्हणतोय. आमच्या घरी माती कालवायची, मडकी रंगवायची सगळी मेहनत आजीची, पण तिनं चाकाला हात लावलेला चालायचा नाही. नव्या शेडमध्ये हा नियम न्यायचा नाही.

अडचणी आहेत. उन्हाळ्यात आमच्याकडं प्यायलाच टँकर येतो, तिथं मातीला पाणी कुठून? लाकूड महाग, धुराची तक्रार होते. विजेची भट्टी घ्यावी तर लोडशेडिंग. पण काही दारं उघडीही आहेत. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांमध्ये कुंभारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत अशी तरतूद आहे. घरात कुणी कारागीर असेल तर चौकशी करा. फॉर्म ऑनलाइन असतो, म्हणजे तो भरायचं काम आपलंच आहे.

आणि तुम्ही स्वतः कलाकार म्हणून कुठल्या रेसिडेन्सीला जाणार असाल, तर जाण्याआधी तीन गोष्टी विचारा. गावातल्या शिकवणाऱ्याला पैसे मिळतात का? तुम्ही परत गेल्यावर भट्टी कोण वापरतं? आणि प्रदर्शनात भांड्याखाली कुणाकुणाचं नाव लागतं?

अण्णांचं उत्तर

अण्णा, तुम्ही हे ऐकणार नाही, आई ऐकवेल. तुम्ही मला चाकावर बसू दिलं नाही ते बरोबरच होतं. त्या चाकावर घर चालत नव्हतं. शाळेत आम्हाला "ए मडकं" म्हणायचे, ते तुम्हालाही म्हणाले असतील, तुम्ही कधी बोलला नाहीत. मी नोकरी सोडत नाहीये, घाबरू नका. पण त्या दिवशी क्लासमध्ये "पहिल्यांदाच का" असं विचारल्यावर मी "हो" म्हणालो. ते मला परत म्हणायचं नाहीये. बीटेक झालं म्हणून मला आता ते लपवायची गरज उरली नाही, एवढं तरी त्याचा उपयोग झाला म्हणा.

त्या फॉर्मच्या शेवटच्या प्रश्नाला मी काय लिहिलं? 'मी शिकवणार नाही, मी माझ्या आजोबांना सोबत आणेन. त्यांची राहायची सोय होईल का?' अजून उत्तर आलेलं नाही. आलं की सांगतो.

तोपर्यंत तुमच्या गावात कुणी चाकावर बसत असेल तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून व्हॉइस नोट पाठवा. माती कुठून आणतात, त्यात काय मिसळतात, एवढंच विचारा. विचारून रेकॉर्ड करा हं, गुपचूप नाही. पुढच्या महिन्यात सगळ्या नोट्स एकत्र ऐकू.

चला, भेटू. माठातलं पाणी प्या.