दुखणं की थकवा?
फायब्रोमायल्जियात मुख्य तक्रार दुखण्याची असते. निदान 3 महिने अंगभर ठणका राहतो, दंड नुसता दाबला तरी कळ येते. क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये 6 महिन्यांहून जास्त काळ थकवा असतो आणि तो झोपूनही उतरत नाही. अपुरी झोप, विसराळूपणा दोन्हींत आढळतो, त्यामुळे गल्लत होते. फरक कळतो तो श्रमांनंतर. बादलीभर कपडे धुतले, त्या दिवशी निभावलं, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना, तर संशय क्रॉनिक फटीगचा घ्यावा. हे ओळखणं फार गरजेचं आहे, कारण फायब्रोमायल्जियात हळूहळू वाढवलेला व्यायाम गुण देतो, तर क्रॉनिक फटीगमध्ये तोच रुग्णाला आणखी खचवू शकतो. रक्ततपासणीत दोन्ही आजार दिसत नाहीत. थायरॉइडचा विकार किंवा रक्तक्षय नाही, एवढी खात्री होते. काहींना दोन्ही एकत्रही असतात.