एका थेंबाची किंमत



रक्ताचा एक थेंब तपासायला मजुराने दिवसाची मजुरी का बुडवावी? आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या कामात गावच्या बायाच आरोग्यसेविका झाल्या. त्यांच्या हाती आता तपासणीचे साधन हवे.

प्लास्टिकच्या फॉइलवर केसासारख्या बारीक खाचा उठवल्या, की वातीत तेल चढावे तसा थेंब आपोआप आत ओढला जातो. ही फॉइल वर्तमानपत्राच्या कागदासारखी रुळांतून फिरवून भराभर छापता येते. म्हणून तिची चिप एकदा वापरून टाकून देण्याइतकी स्वस्त होऊ शकते.

गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते आणि क्षयाचे निदान साधारण तासाभरात करते. त्याची चिप फॉइलची नव्हे. पण प्रयोगशाळा रोग्याच्या दारी नेता येते, एवढे त्याने सिद्ध केले. उरला प्रश्न किमतीचा, आणि तो रुळांवर सुटेल.