संत थॉमस यांची भारतयात्रा : श्रद्धा आणि पुरावा



येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी संत थॉमस हे इ.स. ५२ मध्ये कोडुंगल्लूरच्या बंदरात उतरले, त्यांनी सात चर्च स्थापन केली आणि इ.स. ७२ मध्ये मैलापूर येथे त्यांना हौतात्म्य आले, अशी केरळमधील सिरियन ख्रिस्ती समाजाची दृढ श्रद्धा आहे. अनेक जण ही कथा निर्विवाद इतिहास म्हणून सांगतात. उलटपक्षी, हे सारे पोर्तुगीजांनी रचलेले कुभांड आहे, असे तितक्याच आवेशाने म्हणणारेही भेटतात. दोन्ही विधाने पुराव्याच्या तराजूत घातली तर काय उरते?

हा तराजू कसा धरावा, हे महाराष्ट्राला नव्याने शिकवायला नको. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद मराठी वाचकाच्या अंगवळणी पडला आहे. मल्हार रामराव चिटणीसांची बखर शिवछत्रपतींच्या निधनानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. ती टाकाऊ नव्हे; परंतु समकालीन साधनाचा दुजोरा मिळेपर्यंत तिच्यातील तपशील सिद्ध मानता येत नाही. हीच कसोटी येथेही लावली पाहिजे.

राजा खरा, भेट असिद्ध

या परंपरेचे सर्वांत जुने सविस्तर साधन म्हणजे ‘थॉमसची कृत्ये’ हा ग्रंथ. तो तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी, बहुधा एडेसा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील उर्फा येथे, सिरियाक भाषेत लिहिला गेला. प्रसंग आणि लेखन यांत सुमारे दीडशे वर्षांचे अंतर आहे. हब्बान नावाचा व्यापारी थॉमस यांना दास म्हणून विकत घेतो आणि गुंडफर राजाकडे नेतो. राजा महाल बांधण्यासाठी द्रव्य देतो. थॉमस ते गोरगरिबांत वाटून टाकतात आणि सांगतात, की तुझा महाल स्वर्गात उभा राहिला आहे.

एकोणिसाव्या शतकापर्यंत ही निव्वळ दंतकथा वाटत होती, कारण गुंडफर हे नाव इतिहासाला ठाऊकच नव्हते. १८३० च्या दशकापासून अफगाणिस्तान आणि पंजाबात या राजाची नाणी सापडू लागली. पुढे तख्त-ए-बाही येथील शिलालेख उजेडात आला. त्यात या राजाच्या राज्याचे २६ वे वर्ष आणि एका संवताचे १०३ वे वर्ष नोंदलेले आहे. तो विक्रम संवत धरला तर काळ येतो सुमारे इ.स. ४६. म्हणजे राजा खरा होता आणि काळही जुळतो.

येथेच सावध राहिले पाहिजे. नाण्यांनी राजा सिद्ध झाला, त्याची आणि थॉमस यांची भेट सिद्ध झाली नाही. बखरीतील औरंगजेब खरा असतो, म्हणून त्याच्या तोंडचा प्रत्येक संवाद खरा ठरत नाही. शिवाय गुंडफराचे राज्य गांधार-तक्षशिलेच्या परिसरातले. केरळ किंवा मैलापूर यांचे नावही त्या ग्रंथात नाही.

अन्य साक्षीही एकमुखी नाहीत. चौथ्या शतकातील चर्चचा इतिहासकार युसेबियस थॉमस यांच्या वाट्याला पार्थिया आल्याचे सांगतो. अलेक्झांड्रियाचा पंतेनस दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ‘इंडिया’त गेल्याचे तो नोंदवतो; पण तेथे आधी येऊन गेलेला शिष्य म्हणून नाव घेतो बार्थोलोम्यूचे. त्यातच ग्रीक-रोमन लेखक ‘इंडिया’ हा शब्द कधी दक्षिण अरबस्तान, तर कधी इथिओपिया यांनाही लावत.

पोर्तुगीजांचे कुभांड?

तेही टिकत नाही. चौथ्या शतकातील सिरियाक कवी एफ्रेम थॉमस यांचा भारताशी संबंध जोडतो आणि त्यांच्या अस्थी एडेसाला आल्याचे सांगतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने पूर्व किनाऱ्यावरील समाधीची हकीकत लिहिली आहे. पोर्तुगीज आले त्यानंतर दोनशे वर्षांनी. त्यांनी १५२३ मध्ये मैलापूरला उत्खनन करून अस्थी सापडल्याचे जाहीर केले, हे खरे. परंतु परंपरा त्यांच्याआधीची आहे. मात्र इ.स. ५२ हे वर्ष कोणत्याही प्राचीन साधनात आढळत नाही.

पहिल्या शतकात रोमन जहाजे मोसमी वाऱ्यांवर मिरीसाठी मुझिरिसला येत. २००७ पासून पट्टणम येथे झालेल्या उत्खननांत भूमध्य समुद्राकडील मद्यकुंभांचे अवशेष मिळाले आहेत. तेव्हा थॉमस यांचा प्रवास शक्य होता. पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे.

निःसंशय उरते ते

सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस या ग्रीक प्रवाशाने मिरीच्या मलबारात ख्रिस्ती वस्ती असल्याचे नोंदवले. ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमला गेलेला बिशप असल्याचेही तो सांगतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे आपले कल्याण. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत ज्या कल्याणचे दाते भेटतात, तेच व्यापारी नगर. त्यानंतरचे पहलवी लेख असलेले क्रूसही इराणी चर्चकडेच बोट दाखवतात.

सर्वांत भक्कम पुरावा इ.स. ८४९ चा कोल्लमचा ताम्रपट. वेणाडचा अधिपती अय्यन अडिगळ याने तेथील ख्रिस्ती चर्चला भूमी आणि अधिकार दिले. साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी आणि हिब्रू लिपीतील फारसी अशा तीन प्रकारे आहेत. नगरातील वजनमापे सांभाळण्याचे कामही त्या चर्चकडे सोपवलेले होते. परक्या उपासनापद्धतीच्या माणसांच्या हाती हिंदू अधिपतीने आपल्या बाजारपेठेचा तराजू दिला, याहून विश्वासाची मोठी खूण कोणती?

सप्टेंबर २००६ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी एका प्रवचनात सांगितले, की थॉमस पश्चिम भारतापर्यंत गेले आणि तेथून पुढे ख्रिस्ती धर्म दक्षिणेत पोहोचला. केरळमध्ये नाराजी उमटली आणि प्रसिद्ध झालेल्या पाठात दुरुस्ती झाली. इतिहासाच्या एका वाक्याने श्रद्धा किती दुखावते, याचे हे उदाहरण आहे. वास्तविक त्या समाजाचे या भूमीवरील स्थान इ.स. ५२ या आकड्यावर अवलंबून नाही. त्यासाठी ८४९ चा ताम्रपट पुरेसा आहे. श्रद्धेला कुणाच्या प्रमाणपत्राची गरज नसते. पण श्रद्धा जेव्हा सनावळी सांगू लागते, तेव्हा तिला साधनांच्या दरबारात उभे राहावेच लागते.

आणि हा न्याय एकाच दारापाशी थांबत नाही. आपली स्थलपुराणे, आपल्या वंशावळी, आपल्या गावोगावच्या आख्यायिका यांनाही तोच लागू आहे. शेजाऱ्याच्या अंगणात नेलेला तराजू आपल्या ओसरीवर टांगण्याचे धैर्य नसेल, तर ते इतिहाससंशोधन नव्हे. ते केवळ भांडण होय.