मुलाच्या हाती पहिले पुस्तक



पहिली-दुसरीतल्या मुलांच्या वाचनाविषयी मी बोलावे, अशी सूचना आहे. आपल्या पनवेलात आता ‘फोनिक्स’च्या शिकवण्या चालतात आणि पालक त्यासाठी पदरमोड करतात. फोनिक्स म्हणजे अक्षराचे नाव घोकण्याऐवजी त्याचा आवाज ओळखायचा आणि आवाजाला आवाज जोडून शब्द वाचायचा. इंग्रजीला त्याची गरज आहे, कारण तिथे ‘सी’ हे अक्षर कधी क होते, कधी स. मराठीत ही सोय मुळातच आहे. ‘म’चे नाव म आणि आवाजही म. मग आपली काही मुले तिसरीत जाऊनही का अडखळतात?

माझ्या मते दोष क्रमाचा आहे. क ख ग घ हा क्रम उच्चाराच्या स्थानांवरून लावला आहे. तो शास्त्रशुद्ध आहे, पण सहा वर्षांच्या मुलासाठी तो केलेला नाही. सगळी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग शब्द, असे करता करता वर्ष सरते. ‘ङ’ आणि ‘ञ’ घोकून मुलाला एकही शब्द मिळत नाही. ‘गमभन’मध्ये सारख्या वळणाची अक्षरे जवळ येतात, त्यामुळे गिरवायला सोपे जाते. पण त्यातून शब्द निघतात ते गगन, नभ, नमन. घरात आभाळाला नभ कोण म्हणतो?

फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी वेगळी वाट घेतली. अमेरिकेतून आलेल्या या बाई मराठीच्या अभ्यासक. फलटणला स्थायिक होऊन त्यांनी शाळेबाहेर राहिलेल्या दलित मुलांना शिकवायला सुरुवात केली. पुढे १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन उभे राहिले. तिथली रीत अशी, की एका वेळी थोडीच अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह घ्यायचे आणि लगेच त्यांचे शब्द, वाक्ये वाचायला लावायची. मुलांचे स्वतःचे बोलणेही लिहून त्यांच्यासमोर ठेवायचे.

हे घरी करता येते. क, म, ल, न आणि काना एवढेच घ्या. काका, मामा, नाना, कान, नाक, काम, काल, मला, असे कितीतरी शब्द होतात. पाठकोऱ्या कागदांची आठ पानी वही शिवा. प्रत्येक पानावर एक चित्र आणि एक ओळ : ‘मला नाक.’ ‘मला कान.’ ‘काकाला काम.’ पहिल्याच आठवड्यात मूल पुस्तक वाचते, आणि त्याला ते कळते! मग त आणि र घ्या, पुढे ई.

अडचणी येतात. मूल ‘का...न’ असे तोडून वाचते आणि शब्द जुळत नाही. तेव्हा शेवटचा ‘न’ लांबवू नका, झटकन मिटवा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारात मागून येते, म्हणून ती उशिरा घ्या. ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च वेगळे, हे मुलाला तोंडी ठाऊक असतेच. जोडाक्षरांची तर मुळीच घाई नको.

एक गोष्ट मात्र मला आग्रहाने सांगायची आहे. आपल्या आगरी-कोळी बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चा ‘डोला’ होतो. मुलाने ‘पाणी’ हा शब्द पाहून ‘पानी’ म्हटले, तर त्याला वाचता आले आहे. तिथे त्याला थांबवून चारचौघांत हसले, की ते पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. मग त्याच्यावर ‘ढ’चा शिक्का बसतो. मागच्या बाकावर गेलेली अशी पोरे पुढे शाळाच सोडतात. उच्चार सावकाश सुधारतो.

केंद्र शासनाने २०२१ साली ‘निपुण भारत’ अभियान काढले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हा त्याचा हेतू. शाळा तिचे काम करील. आपण संध्याकाळी पंधरा मिनिटे द्यावीत.

ज्या आईला वाचता येत नाही, तिनेही मुलाजवळ बसावे. मुलाने ‘काकाला काम’ वाचले, की ‘कसलं काम रे?’ म्हणून विचारावे. मूल जे सांगेल ते थोरल्या भावंडाने वहीत लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी तोच धडा.