अँडी कॉलेजला जातो तेव्हा



गाजलेल्या चित्रपटाचा पुढचा भाग आला की प्रेक्षकाला शंका येते, आणि बहुतेक वेळा ती खरी ठरते. पहिल्याने गल्ला भरला म्हणून दुसरा काढला, दुसऱ्यानेही भरला म्हणून तिसरा. 'टॉय स्टोरी ३' तर या संशयाला पुरेपूर पात्र होता, कारण तो आधी भलत्याच लोकांच्या हाती होता.

पिक्सारने चित्रपट बनवायचे आणि डिस्नेने ते जगभर दाखवायचे, अशी या दोन कंपन्यांची वाटणी होती. पुढचे भाग काढण्याचा हक्क मात्र डिस्नेकडे होता. २००४ साली डिस्नेचे मायकेल आयस्नर आणि पिक्सारचे स्टीव्ह जॉब्ज यांची बोलणी फिसकटली. तेव्हा डिस्नेने 'सर्कल सेव्हन' नावाचा वेगळा स्टुडिओ उघडला. पिक्सारच्या पात्रांचे पुढचे भाग पिक्सारवाचून काढायचे, एवढंच त्याचं काम. तिथे रचलेल्या कथेत अंतराळवीर बझ लाइटइयर बिघडतो, त्याची रवानगी तैवानला होते आणि बाकीची खेळणी त्याला सोडवायला निघतात. कथा वाईट नव्हती. पण असली धावपळ कुठल्याही मालिकेच्या कितव्याही भागात खपून जाते. जानेवारी २००६ मध्ये डिस्नेने ७४० कोटी डॉलरच्या व्यवहारात पिक्सारच घ्यायचं ठरवलं, सर्कल सेव्हनला टाळं लागलं आणि बझचा तैवान दौरा रद्द झाला.

मग मूळ मंडळी पुन्हा एकत्र बसली. अँड्र्यू स्टँटनने कथेचा आराखडा लिहिला, पटकथा मायकेल आर्न्टकडे गेली आणि दिग्दर्शनाची जबाबदारी ली अंक्रिचवर आली. पहिल्या चित्रपटाच्या संकलनात अंक्रिच होता, दुसऱ्याचा तो सहदिग्दर्शक होता. या लोकांनी एक निर्णय घेतला आणि चित्रपट त्या निर्णयावर उभा राहिला: खेळण्यांचा मालक असलेल्या अँडीला मोठं होऊ द्यायचं.

हे वाटतं तितकं सोपं नाही. चित्रांतली माणसं सहसा वयाने वाढत नाहीत. मिकी माउस १९२८ पासून आहे तसाच आहे. आपल्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वीसेक पुस्तकं होऊनही शाळेतच राहिला, आणि त्याबद्दल कुणी तक्रारही केली नाही. अँडी १९९५ च्या पहिल्या भागात पाच-सहा वर्षांचा होता. २०१० मध्ये तो सतरा वर्षांचा आहे आणि कॉलेजला निघालाय. त्याचा आवाज तिन्ही चित्रपटांत जॉन मॉरिसचाच आहे. पहिल्या वेळी तो मुलगा होता, तिसऱ्या वेळी पंचविशीतला तरुण. स्प्रिंगच्या स्लिंकी कुत्र्याला आवाज देणारा जिम व्हार्नी २००० साली वारला, आणि त्याची जागा त्याच्याच मित्राने, ब्लेक क्लार्कने घेतली. १९९५ मध्ये आईबापांचं बोट धरून थिएटरात गेलेली पोरंही एव्हाना कॉलेजात होती किंवा नोकरीला लागली होती. पडद्यावर अकरा-बारा वर्षं लोटली होती, पडद्यासमोर पंधरा.

आता कुणी म्हणेल, यातली खेळणी म्हणजे मुलांचीच रूपं. तसं नाही. पहिल्या चित्रपटापासून ही खेळणी आईबापांसारखी वागतात. काउबॉय बाहुला वुडी बैठका घेतो, वाढदिवसाला सैनिकांना खाली पाठवून कुठली भेट आली त्याची बातमी काढतो, आपली जागा दुसरा घेईल या भीतीने पोखरला जातो. तिसऱ्या चित्रपटात ही मंडळी अँडीचा मोबाइल लपवतात आणि दुसऱ्या फोनवरून तो वाजवतात. त्याने निदान शोधायला म्हणून तरी पेटीत हात घालावा, एवढीच आशा. पोरगा फोन उचलतो आणि निघून जातो. हातात आलेलं खेळणं तो परत पेटीत टाकतो. हा विनोदी प्रसंग आहे. पण ज्यांची मुलं वसतिगृहात आहेत त्यांना तो किती विनोदी वाटेल, ते त्यांनीच ठरवावं.

मागे राहण्याच्या या भावनेची पायाभरणी १९९९ च्या 'टॉय स्टोरी २' मध्ये झाली. त्यात वुडीला कळतं की आपण एका जुन्या टीव्ही मालिकेतली दुर्मीळ बाहुली आहोत आणि जपानच्या संग्रहालयात आपल्याला जागा आहे. काचेआड गेलं की फाटायची भीती नाही आणि विसरलं जाण्याचीही नाही. उलट अँडीकडे परतलं तर एक दिवस तो मोठा होणारच. संग्रहालयाची बाजू सर्वांत हिरिरीने मांडतो स्टिंकी पीट, ज्याला खोक्यातून कधी कुणी बाहेरच काढलेलं नाही. खेळवला न गेलेला म्हणून तो संग्राहकाच्या लेखी सर्वांत मोलाचा.

असा पेच प्रत्यक्षातही आहे. 'विनी द पू' च्या गोष्टी ज्या खेळण्यांवरून सुचल्या, ती ए. ए. मिल्नच्या मुलाची, ख्रिस्तोफर रॉबिनची होती. अस्वल १९२१ मध्ये लंडनच्या हॅरॉड्समधून त्याच्या पहिल्या वाढदिवसाला आलं. १९४७ मध्ये ही खेळणी अमेरिकेला गेली आणि १९८७ पासून ती न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत काचेआड आहेत. छोटा रू तेवढा नाही, तो फार पूर्वी सफरचंदांच्या बागेत हरवला. मोठ्या झालेल्या ख्रिस्तोफर रॉबिनने इंग्लंडात पुस्तकांचं दुकान चालवलं. ती खेळणी जवळ नसल्याचा खेद नाही, असं त्याने आठवणींत लिहून ठेवलंय. त्या अस्वलाला काय वाटतं हे विचारायची सोय नव्हती. 'टॉय स्टोरी' ने ती सोय करून दिली.

दुसऱ्या भागाच्या जन्माची हकिकत चित्रपटाहून थरारक आहे. १९९८ मध्ये कुणीतरी संगणकाला चुकीचा हुकूम दिला आणि फाइली पुसल्या जाऊ लागल्या. आधी वुडीची टोपी गेली, मग बूट, मग अख्खा वुडी. राखीव प्रत नीट निघतच नव्हती, हे तेव्हा उघडकीला आलं. गॅलिन सुस्मन या तंत्रप्रमुख बाई तान्ह्या मुलामुळे घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत निघाली, म्हणून चित्रपट वाचला. एवढं होऊन पुढे कथाच पसंत पडली नाही आणि सुमारे नऊ महिन्यांत बहुतेक सगळं नव्याने करावं लागलं. त्या धांदलीची किंमत पिक्सारच्या एड कॅटमुल यांनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात प्रांजळपणे मांडली आहे: एक तृतीयांश लोकांच्या हातामनगटांना दुखणी जडली. एक चित्रकार तर आपलं बाळ पाळणाघरात सोडायचं विसरून कामावर आला आणि बाळ तापलेल्या मोटारीतच राहिलं. ते बेशुद्ध सापडलं, पाणी ओतल्यावर सावरलं. मुलांकडे दुर्लक्ष करून चालत नाही हे सांगणारा चित्रपट करताना हे घडलं. कॅटमुलनी ते दडवलं नाही, हे त्यांच्या पदरी टाकलं पाहिजे.

तिसरा चित्रपट बराचसा पाळणाघरातच घडतो. माळ्यावर ठेवायची खेळणी अँडी काळ्या पिशवीत भरतो, आई ती कचरा समजून बाहेर ठेवते आणि गैरसमजातून सगळे सनीसाइड पाळणाघरात पोचतात. तिथला म्होरक्या लॉट्सो, स्ट्रॉबेरीचा वास असलेलं जांभळट गुलाबी अस्वल. त्याला त्याची मालकीण डेझी सहलीत विसरली. तो पायपीट करत घरी पोचला, तर खिडकीतून त्याला दिसलं, तिच्या कुशीत तसंच दुसरं अस्वल. डेझीने फक्त त्याचीच जागा भरली होती. पण त्याने सोबतच्या बाहुलीला सांगितलं की आपल्या सगळ्यांच्याच जागा भरल्या. या एका खोट्यातून पुढचं सगळं क्रौर्य निघतं. इतका खरा खलनायक मोठ्यांच्या चित्रपटांतही क्वचित भेटतो. गंमत अशी की चीनमध्ये या अस्वलाच्या बाहुल्यांचं मुलामुलींना वेड लागलं.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांचा १९५३ मध्ये छापलेला एक निबंध इथे आठवावा. बाळाला प्राणप्रिय असणारी गोधडी, चिंधी किंवा अस्वल यांचं पुढे काय होतं? विनिकॉट म्हणतात, मूल त्या वस्तूला विसरत नाही आणि तिचा शोकही करत नाही. तिच्यातला अर्थ हळूहळू ओसरतो, इतकंच. मुलाच्या बाजूने हे अचूक आहे. 'टॉय स्टोरी ३' दुसऱ्या बाजूचा जबाब नोंदवतो, आणि त्या बाजूला शोक आहे.

तो शोक भट्टीपर्यंत जातो. सनीसाइडमधून पळताना सगळे कचरा डेपोत जाऊन पडतात. तिथे वुडी लॉट्सोचा जीव वाचवतो. यंत्र थांबवायचं बटण लॉट्सोच्या हाताशी असतं, तो ते दाबत नाही. सगळे घसरत आगीकडे निघतात, आणि सुटका नाही हे कळल्यावर एकमेकांचे हात धरतात. परीकथाकार अँडरसनच्या १८३८ च्या गोष्टीतला कथलाचा शिपाई शेगडीत वितळतोच. इथे तीन हिरवे परग्रहवासी क्रेन चालवून सगळ्यांना वर उचलतात. ही पळवाट आहे खरी. पण त्या बुटक्यांचं क्रेनच्या पंजावरचं प्रेम पहिल्या भागापासून पेरलेलं आहे, म्हणून ती चालून जाते. बझला मध्येच स्पॅनिश बोलायला लावण्याचा विनोद मात्र गरजेपेक्षा लांबला आहे.

चित्रपटाची उंची शेवटच्या पंधरा मिनिटांत आहे. अँडीची आई त्याच्या रिकाम्या खोलीत येते आणि कायम सोबत राहता आलं असतं तर, असं काहीतरी बोलून गप्प होते. कॉलेजला न्यायच्या खोक्यातून वुडी ते ऐकतो. आपली आणि तिची जागा एकच आहे हे त्याला कळतं. तो स्वतःच बाकीच्यांच्या खोक्यात शिरतो आणि वर सनीसाइडमधल्या छोट्या बॉनीचा पत्ता चिकटवतो. बॉनीच्या अंगणात अँडी एकेक खेळणं तिच्या हाती देतो, प्रत्येकाचं नाव आणि गुण सांगून. तळाशी वुडी निघतो तेव्हा अँडी क्षणभर त्याला मागे ओढतो, मग देतो, आणि तिच्यासोबत शेवटचा डाव मांडतो. इथे उपदेश करायचा मोह कुणालाही झाला असता. लेखकाने तो टाळला.

१८ जून २०१० ला आलेल्या या चित्रपटाने १०६ कोटी डॉलरच्या वर कमाई केली. १०० कोटींपार गेलेला तो पहिला अ‍ॅनिमेशनपट. सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर त्याला मिळालं, दुसरं रँडी न्यूमनच्या गाण्याला. २०१९ च्या चौथ्या भागालाही गल्ला आणि ऑस्कर दोन्ही मिळालं. तो देखणा आहे, हुशार आहे, पण नसता आला तरी काही बिघडलं नसतं. अँडीची गोष्ट तिसऱ्यातच पुरी झाली आहे. तेव्हा घरात मुलं असतील तर पहिले तीन भाग ओळीने दाखवा. भट्टीचा प्रसंग धाकट्यांना घाबरवतो, त्या वेळी शेजारी बसा. आणि शेवटी मुलांच्या आधी आपलेच डोळे भरले, तर दिवा लावायची घाई करू नका.