शेवाळातच जमा झालेली एक वनस्पती
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

औंढा नागनाथला आलेली माणसं देवळाचा काळा पाषाण आणि त्यावरचं कोरीव काम मान वर करून पाहतात. पावसाळ्यात आलात, तर आसपासच्या बांधावरची ओली मातीही पाहा. रुपयाएवढ्या हिरव्या चकत्या मातीला चिकटलेल्या असतात. ही रिक्सिया. मिकेली या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञानं १७२९ साली फ्लॉरेन्सच्या रिची यांच्या सन्मानार्थ हे नाव दिलं. तिच्या गटाला मराठीत ‘यकृतका’ म्हणतात. जुन्या युरोपी वैद्यांना अशा वनस्पतींत यकृताचा आकार दिसला होता.

तिला मूळ, खोड, पान काहीच नाही. चपटं अंग दर टप्प्याला दोन फाट्यांत वाढत जातं आणि त्याची गोल नक्षी बनते. खालचे केसासारखे धागे माती धरून ठेवतात. जुना मधला भाग कुजला की फाटे सुटे होतात आणि प्रत्येक फाटा स्वतंत्र रोप होतो.

दुसरी रीत बीजाणूंची. नरपेशीला दोन शेपट्या असतात. ती पोहत मादीपेशीकडे जाते, म्हणून मध्ये पाणी हवंच. पाण्याचा पातळ थरही तिला पुरतो. पुढं तयार होणारी बीजाणूंची पिशवी आईच्या अंगातच रुतलेली राहते. तिला देठ नाही, बीजाणू उडवणारी यंत्रणा नाही. आईचं अंग कुजतं, तेव्हाच बीजाणू मोकळे होतात. जाड कवचाच्या आत ते कोरडे महिने काढतात. दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्याला हे वाट पाहणं वेगळं समजावून सांगायला नको.

पाण्याचे ओहोळ आणि पायांना लागलेला चिखल, एवढ्या वाहनांवर ही वंशावळ पसरली. आज दीडशेहून अधिक जाती जगाच्या बहुतेक भागांत आहेत. एखादी तर तळ्यावर तरंगते. आपल्याकडे लाहोरचे प्राध्यापक शिवराम कश्यप यांनी यकृतकांवरच्या ग्रंथाचा पहिला भाग १९२९ साली प्रसिद्ध केला.

हराळी, कुंदा, तरोटा यांना आपण नावं दिली, कारण ती त्रास देतात किंवा पोटात जातात. रिक्सिया दोन्ही करत नाही, म्हणून बोलीत ती शेवाळातच जमा. मी कवी आहे. मला याचीच काळजी वाटते. ज्याला नाव नाही, ते नाहीसं झालं तरी कुणी हळहळत नाही. यंदा बांधावर ती दिसली, तर मुलांना नावानिशी दाखवा.