घर विकताना



मागच्या खेपेला आपण सात-बाराचा उतारा वाचायला शिकलो. त्या दिवशी मागे बसलेल्या एका गृहस्थांनी विचारले, "गुरुजी, शेताचं कळलं. पण घराचं काय? दोन वर्षं झाली घर विकायला काढलंय. गिऱ्हाईकच फिरकत नाही." आम्ही म्हणालो, यावर पुढच्या खेपेला बोलू. लगेच बोललो नाही याला कारण आहे. या विषयात आम्ही स्वतः नापास झालेलो आहोत. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना नापास केले, आणि घर विकताना आमच्यावर तीच पाळी आली. कशी ती ऐका.

आमचे गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, विट्याच्या पुढे. दुष्काळी मुलूख. आमच्या भागातली पुष्कळ माणसे गलाईच्या धंद्यासाठी बाहेर जातात. गलाई म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणे. देशात कुठल्याही मोठ्या पेठेत जा, आमच्याकडचा गलाईवाला भेटतो. ही माणसे चार पैसे मिळवतात आणि गावी घर बांधतात. पण कुठे बांधतात? सडकेला, मोटार दारात येईल तिथे. जुन्या आळीतल्या घरांना मग कुलपे लागतात. जत्रेला चार दिवस ती उघडतात आणि पुन्हा बंद होतात. म्हणजे विकायला घरे पुष्कळ, आणि घेणारा एखादा. बाजार मंद असतो तो असा. भाजीच्या बाजारात संध्याकाळी होते ना, तसेच.

आमच्या वडिलांचे घर अशाच आळीत होते. आठ खणांचे, माळवदाचे, मागे परडे. वडिलांनी ते स्वतः बांधले. ते 1998 साली वारले, पुढे आईही गेली. आम्ही तीन भावंडे. थोरली आक्का इस्लामपूरकडे दिलेली. मधले आम्ही. धाकटा भाऊ शेती करतो. त्याने मळ्यात घर बांधले. आम्ही 2016 साली नोकरीतून निवृत्त झालो आणि विट्यातच राहिलो. तेव्हा तिघांनी ठरवले, घर विकू आणि सारखे तीन वाटे करू.

किंमत कोणी ठरवावी? धाकटा म्हणाला, "दादा, तुम्हीच ठरवा." आम्ही ठरवली बारा लाख. कशावरून? आळीतले एक घर 2014 साली बारा लाखांना गेले असे आम्ही ऐकले होते. ऐकले होते, बरं का! कागद पाहिला नव्हता. शिवाय 2014 निराळे आणि 2017 निराळे. मध्ये 8 नोव्हेंबर 2016 रोजी पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या होत्या. लोकांचा हात आखडला होता. हे आम्हाला दिसत होते. पण माळवदाची एकेक तुळई वडिलांनी कशी आणली, तेही डोळ्यांपुढे होते. आम्ही त्या तुळयांची किंमत धरली. गिऱ्हाईक तुळयांची किंमत कशाला धरील?

दिवाळी 2017. एक गलाईवाले आले. घर हिंडून पाहिले आणि म्हणाले, "नऊ लाख देतो. कागद तयार आहेत का?"

इथे आमच्या दोन चुका झाल्या. नऊ लाख ऐकून आम्ही उठून उभे राहिलो, जणू शिवीच ऐकली. ही पहिली. आणि दुसरी अशी की कागद तयार नव्हतेच. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घराच्या आकारणीच्या उताऱ्यावर, अजून वडिलांचे नाव होते. वडील जाऊन एकोणीस वर्षे झालेली! आम्ही मुख्याध्यापक, शाळेची दप्तरे चोख ठेवणारे, आणि घरचे दप्तर असे. ते गृहस्थ पंधरा दिवस थांबले आणि शेजारच्या गावात दुसरे घर घेऊन मोकळे झाले.

त्यानंतर मात्र आम्ही ग्रामसेवकाकडे गेलो. वडिलांचा आणि आईचा मृत्यूचा दाखला दिला. वारसांची नावे दिली. तिघांची दिली, आक्काचेही. इथे नीट ऐका. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने, बापाने स्वतः कमावलेल्या आणि मृत्युपत्र न करता मागे ठेवलेल्या घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. ती सासरी गेली म्हणून तो जात नाही. तिची सही नसेल तर शहाणा गिऱ्हाईक घर घेत नाही. घरपट्टीची बाकीही तेव्हाच भरली. हे सगळे व्हायला चार महिने लागले. गिऱ्हाईक चार महिने थांबत नाही.

आता आणखी एक कागद निघाला आहे. 24 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात गावठाणाची ड्रोनने, म्हणजे उडत्या यंत्राने, मोजणी करतात आणि घराची मिळकत पत्रिका तयार करतात. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर पत्रिकेवर नाव कोणाचे आले आहे, हे आजच पाहून ठेवा. विकायचे नसले तरी पाहा.

2018 गेले. कोणी आले नाही. बंद घराचे हाल तुम्हाला ठाऊक आहेत. चूल पेटत नाही, धूर लागत नाही, लाकडाला वाळवी धरते. माळवदावर माती टाकायला कोणी नाही, त्यामुळे पावसाळ्यात गळती. एकदा जाऊन पाहतो तो माजघरात पाणी. दुरुस्तीला चाळीस हजार लागले. धाकट्याने निम्मे दिले. तो काही बोलला नाही. त्याच्या डाळिंबाची बाग तेल्या रोगाने गेली होती, आणि पतसंस्थेचे दोन लाखांचे कर्ज त्याच्या डोक्यावर होते. हे आम्हाला पुढे त्याच्या बायकोकडून कळले.

मग 2019 साली, दसऱ्याच्या आधी, एक कंत्राटदार आला. म्हणाला, "गुरुजी, तुमचे बारा लाख मान्य." आम्ही धाकट्याकडे असे पाहिले, की बघ, कोण बरोबर होते! कंत्राटदाराचे म्हणणे असे, की पन्नास हजार इसार आज देतो, साठेखत करू, बाकीचे पैसे पुढल्या दसऱ्याला. त्याने कागद लिहूनच आणला होता. आम्ही चष्मा लावून भरभर वाचला. बारा लाखांचा आकडा अक्षरी आणि अंकी बरोबर होता. आम्ही सही करणार, तेवढ्यात आक्का म्हणाली, "थांब आबा, मी वाचते."

आमची आक्का लहानपणी शाळेत गेलेली नाही. पन्नाशीला आल्यावर साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकली. ओळीखाली बोट धरून वाचते. कंत्राटदार घड्याळ पाहू लागला. खरे सांगायचे तर आम्हालाही संकोच वाटला. तिसऱ्या पानावर तिचे बोट थांबले. तिने मोठ्याने वाचले, "मिळकतीचा कब्जा आज रोजी लिहून घेणार यांस दिला असे."

"आबा, कब्जा म्हंजी ताबाच न्हवं?"

"होय."

"मग पैसं पुढल्या दसऱ्याला आन् किल्ली आजच?"

आम्ही गप्प. ते वाक्य आम्ही वाचलेच नव्हते. डोळा बारा लाखांवर होता.

साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात स्पष्ट आहे, की नुसत्या साठेखताने मालकी बदलत नाही. मालकी जाते ती खरेदीखताने, आणि ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावे लागते. पण ताबा एकदा दिला, आणि पैसे आले नाहीत, तर तो परत मिळवायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. मालक आम्ही आणि राहणार तो! बाजार मंद असला, की अशी माणसे हटकून येतात. विकणारा कंटाळलेला असतो, हे त्यांना ठाऊक असते. आक्का म्हणाली, "ते वाक्य खोडा, म्हंजी मी सही करते." कंत्राटदाराने कागद उचलला. तो पुन्हा आला नाही.

त्या रात्री आक्का, धाकटा आणि आम्ही, तिघे सोप्यात बसलो. आक्काने विचारले, "आबा, बारा लाखाला या आळीत घर गेल्याचं कुणी बघितलंय?" दुसऱ्या दिवशी आम्ही दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून त्या 2014 च्या व्यवहाराची सूची दोन काढली. त्या कागदावर नोंदलेली किंमत लिहिलेली असते. साडेनऊ लाख निघाली.

आम्ही किंमत साडेआठ लाखांवर आणली. धाकट्याच्या बायकोने आठवड्यातून एकदा दारे उघडून झाडलोट करायची, चूल पेटवायची असे ठरले. भिंतींना चुना दिला. पण मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि सगळेच थांबले.

अखेर फेब्रुवारी 2022 मध्ये घर गेले. घेतले गावातल्याच एका अंगणवाडीच्या बाईंनी. त्या आणि त्यांचा नवरा बारा वर्षे भाड्याने राहत होते. सव्वाआठ लाख ठरले. घर त्यांनी एकट्या बाईंच्या नावावर घेतले, कारण 1 एप्रिल 2021 पासून आपल्या राज्यात बाईच्या नावावर राहते घर घेतले तर मुद्रांक शुल्कात शेकडा एकची सूट मिळू लागली होती. सव्वाआठ लाखांवर त्यांचे 8,250 रुपये वाचले. पैसे बँकेच्या ड्राफ्टने घेतले. थोडे रोख, थोडे कागदावर असला व्यवहार आम्ही केला नाही. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणे 2015 पासून बंद आहे. घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. शेतीवरच जगणाऱ्यांना त्यात काही सवलत आहे, पण आम्ही पेन्शनवाले.

आता जरा पाटी घ्या. 2017 साली नऊ लाख मिळत होते, 2022 साली सव्वाआठ मिळाले. गेले 75,000. नऊ लाख ठेवीत असते तर शेकडा 6 ने वर्षाला 54,000, चार वर्षांचे 2,16,000. दुरुस्ती 40,000. बेरीज करा. 3,31,000 येते ना? नऊचे बारा करायला, म्हणजे तीन लाख जास्त मिळवायला आम्ही बसलो होतो. धाकट्याने पतसंस्थेला चार वर्षे जे व्याज भरले, ते यात धरलेले नाही. तो हिशेब आम्ही मांडला नाही. त्याने मागितलाही नाही.

खरेदीखताच्या दिवशी कचेरीत तिघे गेलो, दोन साक्षीदार घेऊन. तिथे फोटो काढतात आणि अंगठाही घेतात. आक्काने आधी सही केली, सावकाश, पूर्ण नाव आणि आडनाव. मागे रांग होती, कारकून पेन घ्यायला हात पुढे करून बसला होता. तिने अनुस्वार दिला आणि मगच पेन सोडले. प्रत्येकाच्या वाट्याला 2,75,000 आले. धाकट्याने कचेरीतून परस्पर पतसंस्था गाठली.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अंगणवाडीच्या बाईंनी माळवदावर माती टाकायला काढली. आम्ही सहज गेलो होतो. शिडी लावलेलीच होती. चार घमेली आम्हीही वर दिली. मग त्यांनी सोप्यात चहा दिला.